प्रस्तावित सदनिकांच्या आकड्यांवर कितपत विसंबावे?

नकाशावाचक (प्रश्न)

सप्रेम नमस्कार. मध्यम आकाराच्या, म्हणजे साधारण २ ते ५ लाख लोकवस्तीच्या शहरांत उभ्या राहत असलेल्या आणि प्रस्तावित असलेल्या निवासी इमारतींच्या याद्या मी नेमाने पाहत असतो. या याद्यांच्या तळाशी एकूण सदनिकांचा मोठा आकडा दिलेला असतो आणि त्यावरून दोन परस्परविरोधी निष्कर्ष काढले जातात. एवढी घरे बाजारात आली की भाडी उतरतील, असे काही जण म्हणतात. तर ही सगळी घरे वरच्या उत्पन्नगटासाठी असल्यामुळे सामान्य भाडेकरूला त्यांचा उपयोग शून्य आणि पाणी, सांडपाणी व रस्ते यांवरचा ताण मात्र त्याच्या माथी, असे इतरांचे म्हणणे असते. मला दोन्ही निष्कर्ष घाईचे वाटतात.

जाणकारांना दोन गोष्टी विचारायच्या आहेत. प्रस्ताव जाहीर होण्यापासून रहिवासी घरात येईपर्यंतच्या प्रवासात कोणत्या टप्प्यावरच्या आकड्यावर भरवसा ठेवावा? आणि महागड्या नव्या इमारतींमुळे कमी उत्पन्नाच्या भाडेकरूंना खरोखरच काही दिलासा मिळतो का?

---

निवृत्त नगररचनाकार

आपला पहिला प्रश्न फार मोलाचा आहे, कारण या विषयावरचे निम्मे वाद निरनिराळ्या टप्प्यांवरच्या सदनिका एकाच बेरजेत घातल्यामुळे होतात. जाहीर झालेला प्रस्ताव, दाखल झालेला अर्ज, मंजूर रेखांकन, बांधकाम परवाना, प्रत्यक्ष सुरू झालेले काम आणि भोगवटा प्रमाणपत्र मिळालेली इमारत हे सहा वेगळे टप्पे आहेत आणि प्रत्येक टप्प्यावर काही प्रकल्प गळतात. सर्वाधिक गळती पहिल्या तीन टप्प्यांत होते. जमिनीचा मालक मंजुरी मिळवतो ती पुष्कळदा स्वतः बांधण्यासाठी नव्हे, तर मंजुरीसह जमिनीला अधिक मोल येते म्हणून. पुढे ती जमीन दुसऱ्याच्या हाती जाते, नवा मालक आराखडा बदलतो, आणि यादीत मात्र जुना आकडा तसाच राहतो, क्वचित दोनदाही मोजला जातो.

परवाना मिळाल्यानंतरही काम सुरू होईलच असे नाही. तेथे निर्णय नगररचना विभागाच्या हातात उरत नाही, तो कर्ज देणाऱ्या बँकेकडे जातो. अमेरिकेचे अलीकडचे उदाहरण पाहावे. मार्च २०२२ ते जुलै २०२३ या काळात तेथील मध्यवर्ती बँकेने व्याजदर जवळपास शून्यावरून ५.२५ ते ५.५० टक्क्यांपर्यंत नेले आणि बहुमजली निवासी इमारतींची नवी कामे झपाट्याने रोडावली. तरीही २०२४ मध्ये तेथे अशा इमारतींत सुमारे ६ लाख सदनिका पूर्ण झाल्या, जो १९७० च्या दशकानंतरचा उच्चांक होता. यात विसंगती काहीच नाही. स्वस्त कर्जाच्या काळात पाया घातलेल्या इमारती त्या वर्षी पूर्ण झाल्या, एवढेच. म्हणून आज पूर्ण होणाऱ्या घरांची संख्या दोन-तीन वर्षांपूर्वीची परिस्थिती सांगते आणि आज सुरू होणाऱ्या कामांची संख्या दोन-तीन वर्षांनंतरची. या दोहोंची गल्लत झाली की तुटवडा अगदी उंबरठ्यावर असतानाच शहरात घरे जास्त झाल्याची ओरड सुरू होते.

काम सुरू झाले म्हणजे घर मिळाले असेही नव्हे. आयर्लंडमध्ये २००८ च्या आर्थिक संकटानंतर अर्धवट राहिलेल्या किंवा ओस पडलेल्या वसाहतींची २०१० मध्ये सरकारी पाहणी झाली, तेव्हा त्यांची संख्या २,८०० हून अधिक भरली. मात्र असे अरिष्ट अपवादात्मक असते. सर्वसाधारण काळात पायाचे काम पूर्ण झालेली इमारत सहसा पूर्णत्वास जाते, कारण तोवर इतका पैसा जमिनीत गेलेला असतो की थांबणे हेच अधिक महाग पडते. आपल्याला एकच आकडा धरायचा असेल तर पाया घातलेल्या सदनिकांचा धरावा, असे मी आग्रहाने सांगेन.

मध्यम शहरांच्या बाबतीत आणखी एक मुद्दा आहे. महानगरात शेकडो प्रकल्प एकाच वेळी चालू असतात आणि एखादा रखडला तरी बेरीज फारशी हलत नाही. लहान शहरात मात्र एकूण प्रस्तावित घरांपैकी मोठा हिस्सा दोन-तीन प्रकल्पांतच असतो, आणि त्यांतला एखादा बंद पडलेल्या कारखान्याच्या किंवा रेल्वेच्या जागेवरचा टप्प्याटप्प्याचा प्रकल्प असेल, तर त्याची सगळी घरे पहिल्याच वर्षीच्या यादीत दिसतात, जरी ती दहा-बारा वर्षांत मिळून होणार असली तरी. पाडल्या जाणाऱ्या जुन्या घरांची वजाबाकी तर याद्यांत बहुधा नसतेच.

---

स्थापत्य अभियंता

वरील विवेचनाशी मी सहमत आहे. त्यात कामाच्या जागेवरचा अनुभव जोडतो. पाच-सहा मजल्यांच्या इमारतीला पाया ते भोगवटा असा साधारण दीड ते दोन वर्षांचा काळ लागतो. रस्त्यावरून पाहणाऱ्याला सांगाडा उभा राहिला की इमारत झाली असे वाटते, परंतु नळजोडणी, वीज, अग्निशमन व्यवस्था, लिफ्ट, खिडक्या आणि आतील पूर्णत्वाची कामे यांत सांगाड्याइतकाच, किंबहुना अधिक वेळ जातो. मध्यम शहरात लिफ्ट बसवणारे आणि अग्निशमन यंत्रणेचे कुशल कारागीर मोजकेच असतात. चार इमारती एकाच हंगामात त्या टप्प्यावर आल्या की तीन इमारती रांगेत थांबतात आणि वृत्तपत्रांत विकासकाने काम अडवून ठेवल्याच्या बातम्या येतात.

आकडा कागदावरच बदलतो त्याचे एक मोठे कारण वाहनतळ आहे, आणि त्याकडे लोकांचे लक्ष फार कमी जाते. एक मोटार उभी करायला साडेबारा चौरस मीटर पुरतात, पण येण्याजाण्याची वाट आणि उतार धरला तर प्रत्येक मोटारीमागे २५ ते ३० चौरस मीटर लागतात, म्हणजे लहानशा सदनिकेएवढी जागा. प्रत्येक सदनिकेमागे ठरावीक मोटारींची सक्ती असेल आणि भूखंड लहान असेल, तर तळघर खोदण्यावाचून गत्यंतर नसते. भूजल वर असेल तर त्या तळघराला पाण्याचा उपसा, जलरोधक भिंती आणि वर ढकलणाऱ्या पाण्याच्या दाबाला पुरून उरणारी जाड तळफरशी हे सारे करावे लागते. अनेक प्रस्ताव तेथेच गुंडाळले जातात, किंवा मोठ्या आणि महाग सदनिकांमध्ये रूपांतरित होतात, कारण तेवढाच खर्च कमी घरांत वसूल करायचा असतो.

अमेरिकेतील बफेलो हे पावणेतीन लाखांच्या आसपास वस्तीचे शहर आहे आणि आपल्या प्रश्नाच्या मापात अगदी बसते. तेथे २०१७ मध्ये किमान वाहनतळाची सक्ती संपूर्ण शहरातून उठवली गेली. त्यानंतरच्या पहिल्या दोन वर्षांतील मोठ्या प्रकल्पांच्या अभ्यासात ४७ टक्के प्रकल्पांनी जुन्या नियमापेक्षा कमी वाहनतळ दिल्याचे आढळले. उरलेल्यांनी सक्ती नसतानाही पूर्वीइतके किंवा जास्त वाहनतळ बांधले, ही बाजूही तितकीच बोलकी आहे. ज्याला गरज वाटते तो वाहनतळ बांधतोच. ज्याला ती नाही, त्याच्यावर खर्च लादला जात नाही.

---

जुनी भाडेकरू

दोन्ही उत्तरे अभ्यासपूर्ण आहेत, परंतु दुसऱ्या प्रश्नाला कोणी हात घातलेला नाही, आणि भाड्याने राहणाऱ्यांना तोच जिव्हाळ्याचा आहे. मी राहते त्या रस्त्यावर एक चकचकीत इमारत उभी राहिली आणि परिसराचा भाव वधारल्याचे कारण देत आमच्या घरमालकाने पुढच्याच करारात भाडे वाढवले. वरच्या वर्गासाठी बांधलेली घरे कालांतराने झिरपत खाली येतील, या सिद्धांतावर आम्ही किती वर्षे थांबायचे? आज पन्नाशीत असलेल्या माणसाला तीस वर्षांनी जुन्या होणाऱ्या इमारतीचा काय उपयोग?

---

निवृत्त नगररचनाकार

ताई, आपली तक्रार रास्त आहे आणि तिला सरसकट उत्तर देणे अन्यायाचे होईल. तरीही, इमारत जुनी होईपर्यंत थांबावे लागते हा समज संशोधनाने बराचसा दूर केला आहे. हेलसिंकीतील नोंदींवरून संशोधकांनी नव्या इमारतीत राहायला आलेले लोक आधी कोठे राहत होते, त्यांच्या रिकाम्या घरात कोण आले, त्यांच्या मागे कोण, अशी साखळी शोधत नेली. शहराच्या मध्यभागातील प्रत्येक १०० नव्या, बाजारभावाच्या सदनिकांमागे उत्पन्नाच्या क्रमाने खालच्या निम्म्या भागात मोडणाऱ्या वस्त्यांमध्ये सुमारे ६० घरे रिकामी झाली, आणि तीही दोन-एक वर्षांतच. अर्थतज्ज्ञ एव्हान मास्ट यांनी अमेरिकेतील शहरांचा असाच माग काढला, तेव्हा त्यांचेही निष्कर्ष याच दिशेचे निघाले. घर झिरपत नाही, माणसे सरकतात. त्यासाठी पिढी जावी लागत नाही.

पण या साखळीला दोन मर्यादा आहेत आणि त्या मी झाकून ठेवणार नाही. ज्याचे उत्पन्न सर्वांत जुन्या घराचा देखभालखर्चही भागवू शकत नाही, त्याच्यापर्यंत ही साखळी पोहोचत नाही. त्याच्यासाठी सार्वजनिक पैशातूनच घरे बांधावी लागतात. व्हिएन्ना महापालिकेकडे स्वतःची सुमारे २ लाख २० हजार घरे आहेत, ती बाजाराने दिलेली नाहीत. दुसरी मर्यादा आपल्या अनुभवाच्या जवळची आहे. नवी इमारत रिकाम्या भूखंडावर, वाहनतळाच्या पटांगणावर किंवा बंद पडलेल्या गोदामाच्या जागी झाली तर कोणी विस्थापित होत नाही. तीच स्वस्त भाड्याची जुनी चाळ पाडून झाली, तर रिकामी झालेली घरे पुढे कितीही वाढोत, त्या चाळीतल्या लोकांना त्याच आठवड्यात कमी भाड्याचे घर सापडणार नसते. त्यामुळे प्रत्येक प्रस्तावाबद्दल पहिला प्रश्न त्याच्या उंचीचा नसून, त्या जागेवर आज कोण राहते, हा असायला हवा. दुर्दैवाने जनसुनावणीतला बहुतेक वेळ उंची, सावली आणि मोटारी यांवरच खर्च होतो.

---

नकाशावाचक

सर्वांचे मनःपूर्वक आभार. यापुढे मी याद्या पाहताना पाया घातलेल्या सदनिका वेगळ्या काढीन आणि जागेवर आधी काय होते हा रकानाही जोडीन. अभियंता महोदयांना एक उपप्रश्न: पाणी आणि सांडपाणी यांच्या ताणाबद्दल जे बोलले जाते, त्यात तथ्य किती?

---

स्थापत्य अभियंता

तथ्य आहे, पण ते जागेनुसार बदलते. दोनशे सदनिकांची इमारत, दर सदनिकेत सरासरी अडीच माणसे आणि दर माणशी दररोज १५० लिटर असे धरले तर रोजची मागणी ७५ हजार लिटर होते. शहराच्या एकूण पुरवठ्यात हा आकडा क्षुल्लक असतो. अडचण सहसा शेवटच्या काही शे मीटरमध्ये असते: दोन मजली घरांसाठी टाकलेली जुनी, बारीक मलवाहिनी किंवा सकाळच्या गर्दीच्या वेळी आधीच काठोकाठ चालणारे उपसा केंद्र. सांडपाण्याचा सर्वोच्च प्रवाह दिवसाच्या सरासरीच्या तिपटीपर्यंत जाऊ शकतो, आणि पावसाचे पाणी त्याच वाहिनीत येत असेल तर त्याहूनही अधिक.

शहराच्या मध्यभागी वाहिन्या आधीच असतात, फक्त काही तुकडे बदलावे लागतात. शहराबाहेरच्या मोकळ्या शेतजमिनीवर तीच घरे बांधली तर कित्येक किलोमीटर नवी वाहिनी टाकून ती कायमची सांभाळावी लागते. म्हणून प्रस्तावाच्या कागदपत्रांत मलवाहिनीच्या क्षमतेचा अहवाल आहे का, त्यात गर्दीच्या वेळचा प्रवाह धरला आहे की केवळ सरासरी, आणि वाहिनी बदलण्याचा खर्च विकासकावर आहे की महापालिकेवर, हे तपासावे. हा अहवाल बहुधा परवान्याच्या अर्जाला जोडलेला असतो आणि मागितल्यास पाहायला मिळतो.