उत्तर: वारलेल्या आईच्या खात्यावर नॉमिनी नेमलेला नाही, आता कोर्टात जावं लागेल का?

ताई, वकिलाने प्रोबेट (मृत्युपत्र खरं असल्याचा कोर्टाचा दाखला) लागेल असं सांगितलं म्हणून घाबरू नका. मृत्युपत्राला प्रोबेटची सक्ती मुंबई, कोलकाता, चेन्नईपुरती होती. आपल्या इंदुरात ती नव्हतीच. तुमच्याकडे तर मृत्युपत्रच नाही आणि रक्कम चार लाख.

रिझर्व्ह बँकेच्या 2025 च्या निर्देशांनुसार नॉमिनी नसला तरी 15 लाखांपर्यंत (सहकारी बँकेत 5 लाख) कोर्टाचं वारसा प्रमाणपत्र न मागता दावा निकाली काढायचा असतो. अर्ज, मृत्यू दाखला, ओळखपत्रं, हमीपत्र आणि बाकीच्या वारसांचं ना हरकत पत्र द्या. सगळे कागद मिळाल्यापासून 15 दिवसांत पैसे मिळायला हवेत.

आमच्या आत्याच्या वेळी गाडं नावावर अडलं. पासबुकात नावापुढे ‘बाई’, दाखल्यात नुसतं नाव! रामबागेतून तीन खेपा झाल्या, मग शपथपत्र केलं. म्हणून आधी सगळ्या कागदांवरची नावं जुळवून बघा.

आणि ना हरकत पत्रावर तुमच्या पुण्याच्या भावाची सही मनापासून घ्या, घाईने नको. पैसे एकाच्या खात्यात आले तरी वाटा सगळ्यांचा असतो. नॉमिनी असता तरी तो मालक ठरत नाही. भावंडांत वाद असेल तर मात्र बँक कोर्टाचाच कागद मागेल.