गोळी बंद केली, भूक परत आली. वजन धरून कसं ठेवायचं?

वसुधा_सातारा | 8 फेब्रुवारी

नमस्कार. वय 54, बँकेत काउंटरवर बसते. मधुमेह आठ वर्षांचा. 2024 च्या जुलैत एचबीए1सी (तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी) 8.1 आलं, तेव्हा डॉक्टरांनी मेटफॉर्मिनच्या जोडीला रायबेल्सस ही सेमाग्लुटाइडची गोळी सुरू केली. आधी 3 मिलिग्रॅम, मग 7, मग 14. सव्वा वर्षात वजन 84 वरून 71 वर आलं, एचबीए1सी 6.0. दसऱ्यानंतर गोळी थांबवली. आमचे हे निवृत्त झाले आणि गोळीला महिन्याला नऊ-दहा हजार जात होते. डॉक्टरही म्हणाले, थांबवून बघू, मेटफॉर्मिन चालू ठेवा.

पहिले तीन आठवडे काही जाणवलं नाही. मला वाटलं, जिंकलो. मग दिवाळीच्या आसपास एके रात्री साडेअकराला मी स्वयंपाकघरात उभी, हातात चकलीचा डबा. जेवण होऊन दोन तास झाले होते. पोटाची भूक नव्हतीच ती. डोक्यात खाण्याचा अखंड जप असतो ना, तो परत सुरू झालेला. गोळी असताना सव्वा वर्ष तो बंद होता. तो बंद असणं म्हणजे काय सुख आहे, हे ज्याच्या डोक्यात तो कधी चाललाच नाही त्याला कळायचं नाही. सहकारी कंदी पेढ्यांचा पुडा काउंटरवर ठेवायचे आणि मी त्याच्या शेजारी बसून नोटा मोजायचे. आता त्याच पुड्याकडे दर दहा मिनिटांनी मान वळते.

आज वजन 75.4. चार महिन्यांत साडेचार किलो. उपाशीपोटीची साखर 102 होती, ती 121.

आता खरी गोष्ट सांगते, इथे कोणी ओळखत नाही म्हणून. वजन उतरलं तेव्हा ऑफिसात सगळ्या विचारायच्या, काय केलंस गं? गोळीचं सांगायची लाज वाटली. म्हटलं, संध्याकाळी सातनंतर जेवत नाही आणि अजिंक्यताऱ्यावर चालायला जाते. चालायला जात होते, पण महिन्यातून दोनदा. माझं ऐकून दोघींनी सातनंतर जेवण बंद केलं. एकीला पित्ताचा त्रास सुरू झाला. आता माझे ब्लाउज परत घट्ट होताना त्या दोघी बघतायत.

गोळीशिवाय वजन धरून ठेवलेलं कोणी आहे का इथे? नक्की काय केलंत? “कमी खा, जास्त चाला” कृपया नको, ते मला 1995 पासून पाठ आहे.

अण्णा_कराड | 8 फेब्रुवारी

ताई, राग मानू नका. या असल्या गोळ्या घ्यायच्याच कशाला? आमची आई 86 व्या वर्षीही ज्वारीची भाकरी आणि पालेभाजी खाऊन शेतावर जात होती. जिभेवर ताबा हवा.

ठाकुर्लीकर | 8 फेब्रुवारी

अण्णा, तुमच्या आईंना नमस्कार. पण त्यांच्या काउंटरवर पेढ्यांचा पुडा नसायचा.

ताई, मी पुरुष, 47, उंची पाच-आठ. टिर्झेपेटाइडचं इंजेक्शन, मौंजारो, तेही असंच भूक दाबणारं, 2025 च्या मार्चमध्ये भारतात आलं. मी एप्रिलमध्ये सुरू केलं, ऑक्टोबरमध्ये बंद. 104 चे 90 झाले. बंद केल्यावर दोन महिन्यांत 95. तिथे अडवलंय, सहा आठवडे झाले. त्यामुळे मी काही जिंकलेला माणूस नाही, कुंपणावर बसलेला आहे, त्या हिशेबाने वाचा.

माझी चूक अशी झाली की औषध चालू असताना मी काही शिकलोच नाही. भूकच नव्हती, मग अर्धी पोळी खाऊन उठायचो आणि स्वतःला शाबासकी द्यायचो. काय खातोय याकडे लक्षच नाही. चहा-बिस्किटावर दुपार काढली तरी काटा खालीच जायचा. औषध गेल्यावर कळलं, चरबीबरोबर दंडही गेलेत. गॅसची टाकी उचलताना धाप लागली.

आता काय करतो ते सांगतो. संध्याकाळची 6:52 ची लोकल. घरी पोचेपर्यंत सव्वाआठ. त्या दीड तासात भूक वाढते आणि स्टेशनबाहेर वडापावची गाडी. तिथे ताबा-बिबा काही चालत नाही, दहा दिवस करून बघितलं. म्हणून साडेसहालाच, ऑफिसातून निघायच्या आधी, दोन उकडलेली अंडी आणि काकडी खाऊन निघतो. भूक लागलेली नसते तरी खातो. गाडीवरून पुढे जाताना वास येतो, पण पाय थांबत नाहीत. घरी मग एक पोळी, वाटीभर डाळ, भाजी. भात रविवारी.

दुसरं, वजनाचा काटा. बायको म्हणते रोज बघू नको, वेडा होशील. मी सोमवार आणि शुक्रवार बघतो. 96 दिसलं की त्याच आठवड्यात काहीतरी बदलायचं. आधी 91 ला “पाणी असेल”, 93 ला “लग्नसराई आहे” असं करत करत 95 झाले.

तिसरं, आठवड्यातून तीनदा वजनं उचलतो. जिम नाही, घरात पाच-पाच किलोचे दोन डंबेल आणि एक रबरी पट्टा. चालण्यापेक्षा याचा फरक मला जास्त वाटला, का ते डॉक्टर सांगतील.

वसुधा_सातारा | 9 फेब्रुवारी

अण्णा, राग नाही. माझ्याही आजी शेतात जात होत्या. मी मात्र सकाळी दहा ते सहा खुर्चीत असते.

ठाकुर्लीकर दादा, “भूक लागलेली नसते तरी खातो” हे वाक्य दोनदा वाचलं. मी उलटं करते. दुपारचा डबा अर्धा ठेवते, म्हणजे आज कमी खाल्लं असं वाटतं, आणि पाचला पेढे.

डॉ_लातूर | 9 फेब्रुवारी

मी फिजिशियन आहे. तुम्हाला तपासलेलं नाही, त्यामुळे हे सल्ला म्हणून नको, माहिती म्हणून घ्या.

तुमचं काही विशेष चुकलेलं नाही. सेमाग्लुटाइडच्या स्टेप 1 या चाचणीत 68 आठवडे इंजेक्शन घेतलेल्यांचं औषध थांबवलं, तेव्हा एका वर्षात घटलेल्या वजनाचा साधारण दोन-तृतीयांश भाग परत आला. टिर्झेपेटाइडच्या सरमाउंट 4 मध्ये 36 आठवड्यांत जवळपास 21 टक्के वजन उतरलं. पुढे ज्यांना नकली इंजेक्शन दिलं त्यांचं वर्षभरात 14 टक्के वाढलं, ज्यांचं औषध चालू राहिलं त्यांचं आणखी साडेपाच टक्के घटलं. या दोन्ही चाचण्यांत मधुमेह नसलेले लोक होते, इंजेक्शनचे डोसही वेगळे, त्यामुळे आकडे तुम्हाला जसेच्या तसे लागू नाहीत. दिशा तीच. वजन उतरलं की भूक वाढवणारं घ्रेलिन हे संप्रेरक वाढतं, तृप्ती सांगणारं लेप्टिन घटतं. औषध या ओढीला दाबून धरत होतं. अण्णा, याला जिभेवरचा ताबा म्हणणं म्हणजे तापाला आळस म्हणण्यासारखं आहे.

पहिले तीन आठवडे काही जाणवलं नाही याचं कारणही साधं. सेमाग्लुटाइड अर्धं व्हायलाच सुमारे आठवडा लागतो, पूर्ण जायला पाचेक आठवडे.

व्यायामाबद्दल: कोपनहेगनमध्ये लिराग्लुटाइड या याच जातीच्या औषधावर एक अभ्यास झाला. वर्षभर औषध आणि देखरेखीखाली व्यायाम, मग दोन्ही बंद. आणखी एका वर्षाने पाहिलं तर नुसत्या औषधावर असलेल्यांपेक्षा व्यायामवाल्यांनी वजन बरंच चांगलं टिकवलं होतं. स्नायू राखायचे तर प्रथिनंही लागतात. आपल्या ताटात तीच कमी पडतात. वाटीभर शिजलेल्या डाळीत सहा-सात ग्रॅम, एका अंड्यात सहा. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर मात्र किती घ्यायची ते विचारून.

आता महत्त्वाचं. कपाटात 14 च्या गोळ्या उरल्या असतील तर घाबरून परत सुरू करू नका. एवढ्या खंडानंतर पुन्हा 3 पासून चढावं लागतं, नाहीतर उलट्यांनी हैराण व्हाल. आणि इथे कोणी ग्लिमेपिराइडसारखी मधुमेहाची गोळी घेत असेल तर वजनासाठी जेवण टाळू नये, साखर धोकादायक खाली जाते.

तुमची साखर 121 झाली आहे. एचबीए1सी करून डॉक्टरांना भेटा. पुन्हा औषध लागलं तर तो पराभव नाही. रक्तदाबाची गोळी थांबवल्यावर दाब वाढला तर कोणी लाजत नाही. भारतात सेमाग्लुटाइडचं पेटंट मार्च 2026 पर्यंतचंच, त्यानंतर किंमत किती उतरते, तेही विचारा.

शाळेतली_बाई_अलिबाग | 11 फेब्रुवारी

मी हीच गोळी घ्यायचे. सकाळी उपाशीपोटी अर्ध्या पेल्यापेक्षा कमी पाण्याबरोबर, मग अर्धा तास काही नाही, आठवतंय ना? गोळी बंद झाली तशी उठल्या उठल्या चहा-खारी सुरू झाली. महिन्याने लक्षात आलं की गोळीबरोबर तो अर्धा तासही गेला. मी तो परत आणला. गोळी नाही, पण अर्धा तास चहा नाही. त्या वेळात अंगण झाडते. वजन फार उतरलं असं नाही, पण खारी सुटली.

वसुधा_सातारा | 22 मार्च

उशिरा लिहितेय, मार्च म्हणजे बँकेत काय असतं ते सगळ्यांना माहीत.

एचबीए1सी 6.6. डॉक्टरांनी मेटफॉर्मिनचा डोस वाढवलाय, तीन महिन्यांनी पुन्हा बघायचं, मग ठरवू म्हणाले. वजन 74.6. पाडव्याच्या श्रीखंडासकट. फार नाही, पण गेल्या चार महिन्यांत काटा पहिल्यांदा खाली आलाय.

डबा आता पूर्ण खाते, वर मटकीची उसळ वाढवली. साडेचारला, पेढ्यांच्या आधी, भाजलेले चणे आणि ताक. ताकाची बाटली बघून शिपाई म्हणाला, मॅडम, उन्हाळा लागला वाटतं. रबरी पट्टा मागवला. पहिल्या दिवशी दाराच्या कडीला अडकवून ओढला तर कडीच हातात आली. ह्यांनी न बोलता सुतार बोलावला.

जप थांबलेला नाही. रात्री साडेनऊ ते अकरा तो चालतोच. फक्त आता तो काय आहे ते माहीत असल्यामुळे मी त्याच्याशी वाद घालत नाही. दात घासून टाकते, लवंग तोंडात धरते. आठवड्यातून दोन-तीन रात्री हरते.

आणि त्या दोघींना सांगितलं. कॅन्टीनमध्ये, शुक्रवारी. पित्तवाली आधी गप्पच बसली, मग म्हणाली, म्हणजे मी चार महिने उगाच उपाशी झोपले? माझ्याकडे उत्तर नव्हतं. सोमवारी बोलली नाही. मंगळवारी डबा घेऊन माझ्या टेबलाशी आली आणि गोळीचं नाव कागदावर लिहून मागितलं. तिला मधुमेह नाही. म्हटलं, नाव देत नाही, माझ्या डॉक्टरांकडे चल. गुरुवारची वेळ घेतली आहे.