घरात परवान्याची बंदूक आहे आणि धाकटा भाऊ खचला आहे, काय करावे?

प्रश्न (दारव्हा तालुका, जि. यवतमाळ)

आमच्याकडे शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची बारा बोअरची बंदूक आहे. परवाना आधी वडिलांच्या नावावर होता, आता माझ्या नावावर आहे. रोही आणि रानडुकरांपासून हरभरा वाचवायचा तर जागली चुकत नाही, आणि जागलीला बहुधा धाकटा भाऊच जातो. कधीकधी बंदूकही तोच नेतो. यंदा त्याच्या वाट्याचे सोयाबीन पिवळे पडून गेले, सोसायटीचे कर्ज थकले आणि खासगी देणेही बरेच झाले आहे. गेल्या काही आठवड्यांपासून तो रात्रभर जागा असतो आणि पारावर येत नाही. बैलजोडी त्याने कोणालाही न विचारता विकली. परवा जेवताना सहज बोलावे तसे तो म्हणाला, "दादा, माझ्यामागे पोरांकडे लक्ष ठेवजो." बंदूक मधल्या खोलीत खुंटीला असते, काडतुसे लोखंडी पेटीत असतात आणि पेटीची किल्ली कुठे असते ते घरात सर्वांना ठाऊक आहे. बंदूक हलवली तर आपल्यावर विश्वास उरला नाही असे त्याला वाटेल, ही भीती मला वाटते. अशा वेळी जाणकारांनी काय केले आहे?

उत्तर १ (निवृत्त पोलीस कर्मचारी, वर्धा जिल्हा)

बंदूक घराबाहेर काढा आणि ते उद्यावर टाकू नका. आपल्या हद्दीतील पोलीस ठाण्यात सुरक्षित ठेवीसाठी साधा अर्ज द्या, परवाना सोबत न्या, आणि शस्त्राचा क्रमांक व काडतुसांची संख्या लिहिलेली पावती घेतल्याशिवाय उठू नका. परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडेही ठेवता येते. तो काही शुल्क घेतो. शेजाऱ्याकडे किंवा मामाच्या गावी मात्र ठेवू नका, कारण ज्याच्याकडे त्या शस्त्राचा परवाना नाही त्याच्या ताब्यात ते देणे १९५९ च्या शस्त्र कायद्याने गुन्हा ठरतो. याच कारणाने भावाने ती जागलीला नेणेही नियमात बसत नाही, हे स्पष्टच सांगतो. स्वतःहून ठेवायला दिल्याने परवाना जात नाही, मात्र नूतनीकरणाची तारीख सांभाळा. गावात काय सांगावे याची चिंता नको. निवडणुकीच्या काळात कितीतरी बंदुका ठाण्यात जमा होतात आणि त्याचे कोणाला नवल वाटत नाही.

उत्तर २ (पुसद)

ज्याने मनाशी ठरवलेच आहे त्याला बंदूक नसली तरी काय अडणार आहे? उलट बंदूक गेली की डुकरे आठवड्यात हरभरा फस्त करतील आणि त्याच्या डोक्यावरचे ओझे आणखी वाढेल. माझ्या मते आधी कर्जाचे पाहावे.

उत्तर ३ (समुपदेशक, अमरावती जिल्हा)

पुसदच्या सदस्यांचे म्हणणे सर्वत्र ऐकू येते, म्हणून सविस्तर लिहिते. आत्महत्येचा विचार माणसाच्या मनात महिनोन्महिने घोळत असला, तरी प्रत्यक्ष कृतीकडे नेणारी उबळ पुष्कळदा काही मिनिटांची किंवा फार तर काही तासांची असते, आणि त्या वेळात घातक साधन हाताशी नसेल तर ती ओसरायला अवधी मिळतो. प्रयत्नातून वाचलेल्या दहांपैकी साधारण नऊ जण पुढे आत्महत्येने मरत नाहीत. इस्रायलच्या सैन्याने २००६ मध्ये साप्ताहिक सुट्टीवर घरी जाणाऱ्या सैनिकांना बंदूक छावणीतच ठेवायला लावली, तेव्हा सैनिकांच्या आत्महत्या सुमारे ४० टक्क्यांनी घटल्या, आणि सुट्टीतल्या कमी झाल्या म्हणून इतर दिवसांतल्या वाढल्या असेही झाले नाही. श्रीलंकेने सर्वांत विषारी कीटकनाशके टप्प्याटप्प्याने बंद केली आणि १९९५ नंतरच्या दोन दशकांत तिथला आत्महत्येचा दर सुमारे ७० टक्क्यांनी उतरला.

हे दुसरे उदाहरण आपल्यासाठी अधिक महत्त्वाचे आहे. आपल्याकडे बंदुकीने होणाऱ्या आत्महत्या अत्यल्प आहेत. फवारणीचे औषध मात्र घरोघरी, गोठ्यात नाहीतर पलंगाखाली पडलेले असते. तेव्हा बंदूक हलवाल त्याच दिवशी औषधांचे उरलेले डबेही हलवा. एका फवारणीपुरतेच आणायचे आणि उरलेले दुसऱ्या घरी, कुलपात, किल्ली एकाच माणसाकडे, अशी व्यवस्था करा.

भावाला एकांतात सरळ विचारा, "जीव द्यायचे विचार मनात येतात काय?" विचारल्याने विचार पेरला जात नाही, उलट कोणीतरी विचारले याने पुष्कळांचा बांध फुटतो. "असे बोलू नये, पोरांकडे पाहा" असे म्हणून विषय मिटवू नका, आणि तो हो म्हणाला तर त्या दिवसापासून त्याला एकटे ठेवू नका. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि त्यावर मराठीत बोलता येते. त्याच्या वतीने तुम्हीही फोन करू शकता. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे, तिथे सोबत जा. केस होईल अशी भीती असेल तर ती काढून टाका: २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असेच सामान्यतः गृहीत धरले जाते, म्हणून तिच्यावर खटला चालवला जात नाही. कर्जाचे जरूर पाहा, पण कर्ज एका रात्रीत फिटत नाही आणि बंदूक एका तासात हलते.

उत्तर ४ (बंदूक परवानाधारक, चंद्रपूर जिल्हा)

आम्हा बंदूकवाल्यांचा एक दोष आहे. परवान्यावर, काडतुसांच्या भावावर तासभर बोलू, पण सोबत्याचा चेहरा उतरलेला दिसला तरी "बंदूक काही दिवस माझ्यासोबत येऊन ठाण्यात ठेव" असे बोलायला जीभ रेटत नाही. अमेरिकेत निम्म्याहून अधिक आत्महत्या बंदुकीने होतात, आणि तिथल्या न्यू हॅम्पशायर राज्यात बंदूक विकणाऱ्या दुकानदारांनीच पुढे येऊन गिऱ्हाइकांशी हे बोलायला सुरुवात केली. सरकारी माणसापेक्षा बंदूकवाल्याचे बोलणे बंदूकवाल्याला लवकर पटते.

भावाला मी असे म्हणेन: "तुझी झोप उडाली आहे, मला तुझी काळजी वाटते, म्हणून बंदूक ठाण्यात ठेवून आलो. तू बरा झालास की आणू." परवाना-तपासणीची थाप मारू नका, घरच्या माणसाला ती कळतेच. जागलीचे म्हणाल तर धुऱ्यावर सौर झटका मशीन (कुंपणाच्या तारेला स्पर्श होताच जनावराला विजेचा हलका झटका देणारे यंत्र) लावा आणि भावाला रात्री एकटा पाठवूच नका. तुम्ही किंवा चुलत्यांपैकी कोणी पाळी घ्या. थोडा हरभरा गेला तर वन विभागाकडे नुकसानीचा अर्ज करता येतो.

प्रश्नकर्ता

सर्वांचा आभारी आहे. बंदूक आणि काडतुसे आज ठाण्यात जमा केली, पावती घेतली. औषधाचे डबे चुलत्यांच्या कोठ्यात कुलपात ठेवले. भावाला सांगितले तेव्हा तो रागावला नाही, नुसता "बरं केलं" म्हणाला. सोमवारी आम्ही दोघे यवतमाळला जात आहोत. बंदूक परत केव्हा आणावी?

उत्तर ३ (समुपदेशक, अमरावती जिल्हा)

आजच तारीख ठरवू नका. उपचार सुरू झाल्यावर थोडी उभारी येते, आणि तेवढ्यावर घरचे लोक निश्चिंत होतात. त्या काळातही जपावे लागते. डॉक्टर सांगतील, झोप आणि जेवण पूर्ववत होईल आणि तो स्वतः पुढच्या पेरणीचे बोलू लागेल, तोवर हा हंगाम बंदुकीविना काढा. आणल्यानंतरही ती खुंटीला टांगू नका. बंदूक आणि काडतुसे वेगवेगळ्या कुलपात ठेवा आणि दोन्ही किल्ल्या तुमच्याजवळ असू द्या. सोमवारी रुग्णालयात "माझ्यामागे" हे त्याचे बोलणे आणि बैलजोडी विकल्याचे डॉक्टरांना तुम्ही स्वतः सांगा; तो सांगेलच असे नाही.