हात थरथरतो, ऑफिसात खरं कारण सांगू का?

अर्धविराम:
नवीन आयडी काढलाय कारण जुन्यावर ओळखीचे लोक आहेत. मला बायपोलर आहे, म्हणजे मूड कधी प्रमाणाबाहेर चढतो तर कधी खोल पडतो असा मानसिक आजार. त्यावर सहा वर्षं लिथियमची गोळी चालू आहे, शेवटचा मोठा एपिसोड येऊन चार वर्षं झाली, तेव्हापासून सगळं नीट आहे. लिथियममुळे हात जरासा थरथरतो, कप उचलला की जास्त दिसतं. नव्या जॉबला आठ महिने झाले आणि परवा कानावर आलं की टीममधल्या लोकांनी ठरवून टाकलंय की मी पितो. गंमत म्हणजे ऐकल्यावर मला आधी हायसं वाटलं!! चला, खरं कळलं नाही म्हणजे. मग रात्री झोप लागेना, की बेवडा समजलेलं आपल्याला चालतं आणि आजारी समजलेलं चालत नाही, हे काय होऊन बसलंय माझं.

मागच्या ठिकाणी एका मित्राला विश्वासाने सांगितलं होतं. नंतर मीटिंगमध्ये आवाज जरा चढला की "गोळी घेतलीस ना आज?", जोरात हसलो तर हे एकमेकांकडे बघणार, गप्प बसलो तर "बरा आहेस ना?" डेडलाईन सगळ्यांचीच चुकायची, पण बाकीच्यांची ती चूक आणि माझा तो आजार. मग हळूहळू महत्त्वाची कामं काढून घेतली, "तुला ताण नको म्हणून" असं गोड बोलून. काढलं कुणीच नाही, शेवटी मीच सोडलं.

आत्ताची मॅनेजर समजूतदार वाटते. सांगू का तिला?

काळी_शाई:
आजाराचं नाव नका सांगू. मी सांगून बसलेय, एकदा तोंडातून गेलं की परत घेता येत नाही, आणि मॅनेजर आज ही आहे उद्या दुसरी येईल. जेवढी गरज तेवढंच सांगा, की एक औषध चालू आहे, त्याने हात थरथरतो, अधूनमधून रक्त तपासायला जावं लागतं त्या दिवशी उशीर होईल. यात खोटं काहीच नाही.

कायद्याचं म्हणाल तर तुमच्याकडे काय आहे ते बघून घ्या. अमेरिकेत १९९० पासून अपंगत्वाच्या कायद्यात मानसिक आजार येतात, ब्रिटनमध्ये २०१० च्या कायद्याने नोकरी देऊ करायच्या आधी तब्येतीबद्दल विचारायलाच बहुतेक वेळा बंदी आहे. पण तुम्ही लिहिलंय तसलं, "तुझ्या भल्यासाठी" काम काढून घेणं, ते कुठल्या कलमात धरणार? ईमेलवर तर कुणी लिहीत नाही ना.

सरळसोट:
शिव्या पडतील पण विचारतो. उद्या एखाद्याचं डोकं फिरलं आणि तो कुणाच्या अंगावर गेला तर? सोबत काम करणाऱ्यांना माहीत असायला नको का?

टिपकागद:
@सरळसोट मी मनोरुग्ण विभागात ११ वर्षं नर्स आहे. मानसिक आजार असलेले बहुसंख्य लोक कधीच कुणाच्या अंगावर जात नाहीत, उलट मार खाण्याची, फसवलं जाण्याची वेळ त्यांच्यावरच जास्त येते. काही जणांच्या बाबतीत धोका थोडा वाढतो, नाही म्हणत नाही, विशेषतः जोडीला दारू किंवा ड्रग्ज असतील तर. पण मग गंमत बघा, यांच्या टीमला वाटतंय की हा माणूस पितो, आणि त्याची भीती कुणालाच वाटत नाहीये.

@अर्धविराम ऑफिसचं नंतर, आधी हाताचं डॉक्टरांना सांगितलंय का? बारीक कंप लिथियमवर बऱ्याच जणांना असतो, डोस बघून किंवा दुसरी गोळी जोडून कमी करता येतो. पण कंप अचानक वाढला, उलट्या जुलाब, चालताना तोल जाणं असं काही झालं तर त्याच दिवशी गाठा त्यांना, लिथियम रक्तात जास्त झाल्याची ती लक्षणं असतात. आणि मॅनेजरला सांगा न सांगा, पण दुसऱ्या कुठल्याही डॉक्टरकडे गेलात तर लिथियमचं सांगायचंच. साध्या अंगदुखीवर आयबुप्रोफेन दिली तरी लेव्हल वर जाऊ शकते.

आता यातली मेख अशी की तिथे सांगितलं की तिथेही तोच शिक्का. छातीत दुखतंय म्हटलं तर "टेन्शन असेल". गंभीर मानसिक आजार असलेली माणसं इतरांपेक्षा १० ते २० वर्षं आधी जातात, आणि त्यातली बरीचशी हृदयविकारासारख्या शरीराच्याच आजारांनी. सगळा दोष शिक्क्याचा नाही, काही औषधांनी वजन साखर वाढते, सिगारेटी असतात. पण "याचं नेहमीचंच आहे" म्हणून तपासणी टाळलेली मी डोळ्यांनी बघितलीये, आणि टाळणारे आमच्यातलेच होते. आम्हीसुद्धा ड्युटी बदलताना "पाच नंबर बेडचा स्किझोफ्रेनिया" असंच म्हणतो, माणसाचं नाव नंतर.

खिडकीपाशी:
त्या नावाचंच मला लिहायचं होतं. माझ्या भावाला स्किझोफ्रेनिया आहे, म्हणजे भास होतात, नसलेले संशय येतात तो आजार. जपानमध्ये या आजाराच्या जुन्या नावाचा अर्थ "मन दुभंगल्याचा रोग" असा होत होता, बरेच डॉक्टर पेशंटला ते तोंडावर सांगायचे नाहीत. पेशंटच्या घरच्यांनी मागणी लावून धरली आणि २००२ मध्ये नाव बदललं, त्यानंतर डॉक्टर जास्त मोकळेपणाने सांगायला लागले.

"हा मेंदूचा आजार आहे, डायबेटिससारखाच" असं मीही वर्षानुवर्षं लोकांना समजावत आलेय. पण अमेरिकेत १९९६ आणि २००६ ला लोकांना तेच प्रश्न विचारले तर दिसलं की मेंदूचा आजार हे मानणारे वाढले, तरी शेजारी राहायला, सोबत काम करायला नको म्हणणारे काही कमी झाले नव्हते. मत बदलतं ते ओळखीचं माणूस समोर असलं की. त्या हिशोबाने तुम्ही सांगावं असं म्हणायला हवं मी, पण म्हणवत नाही. टीमला शहाणं करायचा ठेका तुम्ही का घ्यायचा? दादाने तर अर्ज करणंच सोडून दिलंय, "मला कोण घेणार" म्हणतो. त्याला अजून कुणी नाकारलेलंसुद्धा नाही.

सरळसोट:
ओके. दारूचा मुद्दा लागला.

अर्धविराम:
अपडेट. डॉक्टरांकडे जाऊन आलो, लेव्हल थोडी वरच होती, डोस कमी केलाय. मॅनेजरला @काळी_शाई म्हणाल्या तेवढंच सांगितलं. तिने विचारलं "सिरियस काही नाही ना?" आणि मी "नाही" म्हणालो. तेव्हापासून त्या "नाही"चंच वाईट वाटतंय, पण परत जाऊन दुरुस्त करायची हिंमत नाही. कप सध्या अर्धाच भरतो.