वस्तीवरच्या घराला जुनी दुनळी ठेवावी की .३२ घ्यावं? हल्ली बारा बोअर कोणी ठेवतं का?

माळावरचा
नमस्कार मंडळी. जुन्नर तालुक्यात गावापासून दीडेक किलोमीटरवर आमची वस्ती आहे. वडील ७२ वर्षांचे. त्यांच्या नावावर बारा बोअरची जुनी दुनळी आहे, बिनघोड्याची (म्हणजे घोडे बाहेर न दिसणारी), परवाना नूतनीकरणाला आलाय. नातेवाईक म्हणतात, ती जमा करून टाक आणि तुझ्या नावावर .३२ रिव्हॉल्वरसाठी अर्ज कर, दुनळी आता बँकेच्या दारावरच्या वॉचमनपुरतीच उरली. घराच्या राखणीसाठी दुनळी अजून कामाची आहे का? ठेवायची तर काय तपासून घ्यावं? काडतुसं कोणती?

कलमबहाद्दर
जमा करायची घाई करू नका, परत मिळणं सोपं नाही.

शस्त्र अधिनियम १९५९ चं कलम १३(३) नीट वाचा. वीस इंचांहून कमी नसलेल्या, आतून गुळगुळीत नळीची बंदूक संरक्षणासाठी मागितली, तर कलम १४ मधली नकाराची कारणं नसताना परवाना द्यावा, अशी तिथली रचना आहे. रिव्हॉल्वर, पिस्तूल, रायफल यांना मात्र ‘सबळ कारण’ लागतं आणि ते परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याला पटावं लागतं. ‘वस्ती एकटी आहे’ एवढ्यावर .३२ ची फाईल महिनोन्‌महिने पडून राहते. खेड्यापाड्यांत दुनळी टिकली ती तिच्या ताकदीमुळे कमी आणि या कलमामुळे जास्त, असं माझं मत आहे. कोकणातल्या ठासणीच्या बंदुकाही शेतीसंरक्षणाच्या नावाने याच कलमातून आल्या.

दुसरं म्हणजे, शस्त्र नियम २०१६ मधला नियम २५ तुमच्यासाठीच आहे. परवानाधारक ७० वर्षांचा झाला किंवा त्याने शस्त्र २५ वर्षं बाळगलं, तर तो हयात असतानाच ते कायदेशीर वारसाच्या नावावर करता येतं. वडील त्यात बसतात. आता नूतनीकरण करून घ्या आणि सोबतच हस्तांतराचा अर्ज द्या. बाकीच्या वारसांचं ना-हरकतपत्र, वैद्यकीय दाखला, शस्त्र हाताळणीच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र आणि सुरक्षित साठवणुकीची हमी तयार ठेवा. लोक प्रशिक्षण शेवटी ठेवतात आणि फाईल तिथेच अडकते. तुमच्या भागाला परवाना जिल्हाधिकारी कार्यालयातून मिळतो, पुणे शहरात पोलीस आयुक्तांकडून.

२०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला जास्तीत जास्त दोनच अग्निशस्त्रं ठेवता येतात आणि परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षांची झाली. म्हणजे दुनळी ठेवूनही पुढे .३२ साठी अर्ज करायला वाट मोकळी राहते.

नळीपारखी
कागदांचं झालं, आता बंदुकीचं बोलू.

आधी उघडून दोन्ही नळ्या रिकाम्या आहेत याची खात्री करा. मग नळीखालचं लाकूड काढा, नळ्या सुट्या करा आणि उजेडाकडे धरून मागच्या बाजूने आरपार बघा. खड्डे, पोचे, गंज दिसतोच, पण वर्षानुवर्षं न उघडलेल्या बंदुकीत कुंभारीण माशीचं मातीचं घरटं हमखास सापडतं. गंमत वाटेल, पण नळीत अडथळा असताना बार काढला तर नळी फुगते नाहीतर फाटते, आणि तुमचा डावा हात नेमका तिथेच असतो.

मग लाकूड न लावता नळ्या दस्त्यावर चढवून बंद करा आणि हलवून पाहा. खुळखुळली किंवा नळी आणि मागची पाटी यांच्या फटीतून उजेड दिसला, तर बिजागरी झिजली आहे. ती परवानाधारक गनस्मिथकडे न्या, वेल्डिंगवाल्याकडे नव्हे. नळीवर पिळाची नक्षी दिसत असेल तर ती दमास्कस नळी. ती काळ्या दारूच्या जमान्यातली, आजच्या काडतुसांसाठी नाही. भिंतीवर छान दिसते, तरी परवाना लागतोच.

काडतुसाच्या घराची लांबी नळीखालच्या छापावर असते. जुन्या विलायती बंदुकीत ती अडीच इंच, म्हणजे ६५ मिमी असू शकते. त्यात ७० मिमीचं काडतूस बसतं सहज, म्हणूनच लोक फसतात. ७० हा आकडा उडालेल्या काडतुसाचा असतो. तोंड उलगडायला जागा उरत नाही आणि दाब वाढतो. दुसरा धोका म्हणजे घरात वीस बोअरचं काडतूस असणं. ते बारा बोअरच्या नळीत पुढे सरकून अडकतं, नळी रिकामी वाटते, मागून बारा बोअरचं भरलं की स्फोट.

दोन चाप असतील तर साधारणपणे पुढचा उजव्या नळीचा आणि मागचा डावीचा. डावी बहुतेक वेळा तोंडाशी जास्त आवळलेली असते. ‘दुनळीला नेम लागत नाही, छर्रे पसरतात’ हे डोक्यातून काढा. खोलीतल्या चार-पाच मीटरांत छर्रे जेमतेम मूठभर जागेत जातात. नेम चुकला तर सगळेच चुकतात.

काडतुसं खडकीच्या दारूगोळा कारखान्याची ‘शक्तिमान’ मिळतात. एसजी आणि एलजी ही मोठ्या छर्ऱ्यांची काडतुसं. एसजीमध्ये साडेआठ मिलिमीटरच्या आसपासचे आठ-नऊ गोळे असतात, एलजीत त्याहून मोठे आणि कमी. ते नऊ इंची विटेच्या भिंतीत अडकतील, पण पत्रा, प्लायवूड, साधं दार यांतून पार जातात. वस्तीवर गोठा आणि मजुरांची खोली पत्र्याचीच असते, तेव्हा पलीकडे कोण झोपतं हे आधी ठरलेलं हवं. पितळी बुडाला हिरवट गंज चढलेली किंवा दमटपणाने फुगलेली काडतुसं वापरू नका, ती नळीत अडकून बसतात. चाप ओढूनही बार झाला नाही तर नळी सुरक्षित दिशेला धरून तीस सेकंद थांबा, मगच उघडा.

माळावरचा
खूप उपयोगी. रात्री भरून, सेफ्टी लावून उशाशी ठेवली तर? आणि नळ्या लांब आहेत, दारातून वळवताना अडचण होते. थोड्या कापून घेता येतात का?

नळीपारखी
दोन्हीला नाही.

जुन्या दुनळीतली सेफ्टी बहुतेक वेळा फक्त चाप अडवते, आतले घोडे ताणलेलेच राहतात. बंदूक भिंतीवरून घसरून दस्त्यावर आपटली तर बार होऊ शकतो. घरात पोरंटोरं असतील तर पुढचं सांगायला नको. शिवाय बंदूक महिनोन्‌महिने ताणून ठेवली तर स्प्रिंग थकते. रिकामी ठेवतानाही नकली काडतुसं घालून घोडे सोडवावेत. सुटी करून लोखंडी कपाटात कुलपाखाली, काडतुसं वेगळ्या कुलपात, हीच पद्धत. लांबीचं म्हणाल तर तीस इंची नळीची दुनळी एकूण जवळपास चार फूट होते. घरात फिरवायचं हे हत्यार नव्हेच. घरच्यांना एका खोलीत घेऊन दाराकडे तोंड करून बसण्यापुरतं आहे.

कलमबहाद्दर
नळी कापायचा विचारही नको. विनापरवाना नळी आखूड करणं हा कलम ६ चा भंग आहे, आणि वीस इंचांखाली गेली की बंदूक साध्या परवान्यात बसत नाही.

चालवायचं म्हणाल तर १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. मालमत्तेच्या बचावात समोरच्याचा जीव जाण्यापर्यंतचा हक्क कलम ४१ मध्ये आहे, पण तो जबरी चोरी, सूर्यास्त ते सूर्योदय यांदरम्यानची घरफोडी, राहत्या घराला आग लावणं, आणि मृत्यू किंवा गंभीर दुखापतीची रास्त भीती वाटावी अशी चोरी किंवा घुसखोरी, एवढ्यापुरताच. शरीराच्या बचावाचं कलम ३८. दोन्हींवर कलम ३७ ची मर्यादा आहे : गरजेपेक्षा जास्त इजा नाही आणि पोलिसांची मदत घ्यायला वेळ असेल तर हक्कच नाही. डाळिंब चोरून पळणाऱ्याच्या पाठीत एसजी घातली तर तुरुंगात तुम्ही जाल. ‘हवेत बार’ हाही साधा उपाय नाही, निष्काळजीपणे दुसऱ्याचा जीव धोक्यात आला तर तो वेगळा गुन्हा. आणि जुन्नर म्हणालात म्हणून : बिबट्यासाठी बंदूक नाही. त्याला वनखातं.

ह्यूस्टनकर
मूळ प्रश्न ‘हल्ली कोणी ठेवतं का’ असा आहे म्हणून अमेरिकेतलं सांगतो. इथेही शॉटगन, म्हणजे तुमच्या दुनळीसारखी छर्ऱ्यांची बंदूक, मागे पडली आहे. प्यू संस्थेच्या २०१७ च्या पाहणीत एकच बंदूक असलेल्यांपैकी ६२ टक्क्यांकडे हँडगन (पिस्तूल किंवा रिव्हॉल्वर) होती, शॉटगन १६ टक्क्यांकडे. हँडगन बाहेर नेता येते, कपाटात मावते, एका हाताने फोन धरता येतो, ही कारणं. तरी रेमिंग्टन ८७० आणि मॉसबर्ग ५०० या पंपवाल्या (नळीखालचा दांडा मागेपुढे ओढून पुढचं काडतूस भरायच्या) शॉटगन अजून भरपूर घरांत आहेत, स्वस्त आणि टिकाऊ म्हणून. पंपाची खोड एकच, घाबरलेला माणूस तो अर्धवट ओढतो आणि काडतूस अडकतं. त्या बाबतीत तुमची दुनळी उजवी, दोन बार नक्की.

पण इथले व्हिडिओ बघून तिथे काही ठरवू नका. इथे नळीची किमान मर्यादा १८ इंच आहे, भिंती जिप्समच्या, कायदे राज्यागणिक वेगळे. आणि इथल्या मराठी मंडळींसाठी : एच-१बी वर असताना बंदूक जवळ बाळगणं केंद्रीय कायद्याने गुन्हा आहे. वैध शिकार परवान्यासारखे मोजके अपवाद आहेत. ग्रीनकार्डवाल्यांना ही बंदी नाही.

माळावरचा
म्हणजे दुनळी ठेवतो, हस्तांतराचा अर्ज करतो. निवडणुकीत मात्र दरवेळी ठाण्यात जमा करावी लागते, ते टाळता येतं का?

कलमबहाद्दर
सरसकट जमा करायलाच हवी असं नाही. छाननी समिती प्रत्येक परवानाधारकाचा विचार करते. गुन्हा नोंद नाही, वस्ती एकटी आहे, असा अर्ज आचारसंहिता लागताच द्या. सूट नाही मिळाली तर मुकाट्याने जमा करा, मुदत चुकवू नका.

नळीपारखी
जमा करताना नळ्यांना आतून-बाहेरून तेलाचा हात मारा. ठाण्यातल्या खोलीत पावसाळा गेला तर गंज ठरलेला. पावतीवर बंदुकीचा नंबर आणि आधीच्या खुणा लिहून घ्या. परत घेताना नळीतून आरपार बघूनच सही करा.