दीड आणि पाच वर्षांच्या मुलांना घेऊन बाणावलीला: पिशवीत नेमकं काय, किती?

सुरंगी

डिसेंबरातल्या एका रविवारी फोंड्याहून गाडीने दक्षिण गोव्यातल्या बाणावलीच्या किनाऱ्यावर जायचं आहे. दोन मोठी माणसं आणि दोन मुलं, एक पाच वर्षांचा नि एक दीड वर्षाची. किनाऱ्यावर साधारण चार तास. टोपी, टॉवेल, सनस्क्रीन अशा याद्या हव्या तेवढ्या मिळतात, पण मापं आणि कारणं कुणी सांगत नाही. म्हणून थेट विचारते:

पिण्याचं पाणी किती न्यायचं? छत्री बरी की तंबू? धाकटीला पाण्यात कुठला डायपर? खायला काय टिकतं? आणि अर्धा किनारा गाडीतून घरी येऊ नये म्हणून काय करायचं?

---

भांगाची_भरती

सुरंगीताई, पिशवीआधी घड्याळ बघा. वेळ चुकली की सामान दुप्पट होतं आणि तरी पुरत नाही.

आदल्या दिवशी मुरगाव बंदराचं भरती-ओहोटीचं वेळापत्रक पाहा. ओहोटी सकाळी नऊला असेल तर भरती सव्वातीनच्या आसपास येणार, आणि रोज ही वेळ सुमारे ५० मिनिटं पुढे सरकते. लहान मुलांसाठी ओहोटीच्या अलीकडचा-पलीकडचा दीड तास उत्तम. वाळू कडक नि सपाट असते आणि उथळ डबकी राहतात. दीड वर्षाच्या मुलीला तेवढाच समुद्र पुष्कळ झाला. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, पाणी बरंच वर चढतं. चटई कुठे टाकायची ते वाळूच सांगते: वाळलेली शेवाळं, काटक्या, शिंपल्यांचे तुकडे यांची जी ओळ दिसते तिथवर मागची भरती आली होती. तिच्या वर बसा.

दुसरी गोष्ट ऊन. ११ ते ३ किनाऱ्यावर राहूच नका. कोरडी वाळू १५ टक्के आणि समुद्राचा फेस २५ टक्क्यांपर्यंत अतिनील किरण परतवतो, म्हणजे छत्रीखाली बसलेलं मूलही खालून भाजतं. तेव्हा सकाळी ७.३० ते १०.३०, किंवा दुपारी ३.३० नंतर. चार तास सलग हवेच असतील तर शेवटचा तास शॅकच्या, म्हणजे किनाऱ्यावरच्या खाणावळीच्या, सावलीत काढा. जीवरक्षकांची ड्यूटीही सकाळी ७.३० ते संध्याकाळी ६ अशीच आहे. त्याच्या आधी-नंतर मुलांचे पायही पाण्यात नकोत.

आता मापं.

पिण्याचं पाणी: धाकटीला अर्धा लिटर (दूध वेगळं), थोरल्याला पाऊण ते एक लिटर, मोठ्यांना माणशी दीड. एकूण साडेचार लिटर धरा. त्यातल्या दोन बाटल्या रात्री फ्रीझरमध्ये ठेवा, पण पाऊणच भरून. बर्फ फुगतो, पूर्ण भरलेली बाटली तडकते नाहीतर झाकण उडतं. याच बाटल्या खाऊच्या डब्याभोवती लावल्या की वेगळा आइसपॅक लागत नाही, आणि दहा वाजेपर्यंत गार पाणीही तयार.

धुण्याचं पाणी वेगळं, ५ लिटरचा कॅन. एका जुन्या बाटलीच्या झाकणाला तापवलेल्या सुईने सहा-सात भोकं पाडून ठेवा. दाबली की बारीक धार येते आणि एका लिटरात दोन मुलांचे हातपाय निघतात. भोकांशिवाय तेच पाणी एका पायातच संपतं.

सनस्क्रीन: एसपीएफ ३० किंवा जास्त. थोरल्याच्या उघड्या अंगाला एका वेळी सुमारे १५ मिली लागतं, धाकटीला १०. म्हणजे ५० मिलीची ट्यूब दोन वेळा लावली की संपली. 'लावलं तरी भाजलं' म्हणतात त्यात निम्म्या वेळा चूक एवढीच, की नखभर लावलेलं असतं. त्यापेक्षा लांब बाह्यांचे, गुडघ्यापर्यंतचे पोहण्याचे कपडे घाला. मग तोंड, मान, कान, हात आणि पोटऱ्या एवढंच उरतं, प्रत्येकी एक चहाचा चमचा पुरतो. पहिला हात घरीच, कपडे चढवायच्या आधी. किनाऱ्यावर वाळू लागल्यावर लावलेलं सनस्क्रीन म्हणजे पॉलिश पेपर. पुढे दर दोन तासांनी आणि प्रत्येक वेळी अंग पुसल्यावर. विसरायच्या जागा ठरलेल्या: कानाच्या पाळ्या, मानेची मागची बाजू, पावलांचा वरचा भाग. भुवयांच्या वर लावू नका, घामाबरोबर डोळ्यांत उतरतं. सहा महिन्यांखालच्या बाळाला ते लावतच नाहीत, सावलीच द्यायची. तुमची धाकटी त्यापुढे आहे.

कपड्याचा रंग भडक नारिंगी किंवा गुलाबी घ्या. निळा, पांढरा, करडा पाण्यात दिसेनासा होतो.

---

माड_आणि_चुडत

डायपरबद्दल. साधा डायपर पाण्यात घालूच नका. आतली जेल समुद्राचं पाणी पिऊन फुगते, दहा मिनिटांत तो गुडघ्यापर्यंत लोंबतो आणि फाटला तर जेलचे गोळे वाळूत. पोहण्याचा डायपर मिळतो तो घ्या, पण तो फक्त शी अडवतो, शू नाही. म्हणून गाडीत बसताना साधा, पाण्यात जाण्यापूर्वी लगेच पोहण्याचा, आणि निघताना पुन्हा साधा. चार तासांना पोहण्याचे दोन, साधे तीन. बदलताना जांघेतली वाळू पाण्यानेच धुवा, पुसू नका; ओल्या घडीत वाळू घासली की पुरळ येतो.

छत्री की तंबू? दोन बाजूंनी उघडा असेल तरच तंबू. बंद तंबूत वारा थांबतो आणि तासाभरात आत भट्टी होते, झोपलेल्या बाळाला तर त्यात ठेवूच नये. छत्री असेल तर दांडा हातभर खोल गेला पाहिजे, म्हणजे कोपरापासून बोटांपर्यंत. खड्डा खणून दांडा उभा करू नका, मोकळी वाळू त्याला धरत नाही. दांडा मागेपुढे हलवत आत घाला, बुडाशी पाणी ओता आणि पायाने दाबा. आपल्याकडे अकरा-बाराच्या सुमाराला खारा वारा सुटतो, पश्चिमेकडून किंवा वायव्येकडून. छत्री त्या वाऱ्याकडे कलती ठेवा. उलटी कललेली छत्री पहिल्या झोतातच उडते आणि तिचं टोक मुलांच्या उंचीवरून जातं.

शॅकवर काही खाणार असाल तर त्यांची खाट-छत्री बहुतेक वेळा वापरू देतात, आधी विचारून घ्या. मग छत्री घरीच. माडाखाली मात्र चटई टाकू नका, नारळ तर पडतोच, पण चुडतही, म्हणजे झावळीही, काही हलकं नसतं. सुरूच्या झाडांची सावली त्या मानाने बरी.

स्ट्रोलर नकोच. मऊ वाळूत त्याची चाकं रुततात.

---

तिसऱ्यो

खाण्याचा एकच नियम: एका हातात मावणारं, चुरा न होणारं. चिवडा, बिस्किटं, लाडू यांत वाळू मिसळते ती निघत नाही. तिखटमिठाच्या पुऱ्या, छोट्या आंबोळ्या, पोयीत, म्हणजे गोव्याच्या पावात, चीज, उकडलेली अंडी हे चालतं. केळ्यांत साळदाटी न्या, नावाप्रमाणेच साल जाड, पिशवीत चेपत नाही. काकडी आणि कलिंगड घरीच कापून, बिया काढून. मेयोनीज घातलेलं सँडविच, दहीभात, खीर घरी. शिजवलेलं अन्न बर्फाविना दीड-दोन तासांत संपवा. शेंगदाणे, अख्खी द्राक्षं, पॉपकॉर्न धाकटीच्या हाती देऊ नका, धावता-हसता घशात अडकतात. द्राक्षं उभी चिरून.

डबा स्क्रूच्या किंवा क्लिपच्या झाकणाचा. कावळे आणि कुत्रे दोघेही पातळ पिशवी क्षणात फाडतात. आणि स्टोव्हवर काही गरम करू असा बेत असेल तर सोडा, किनाऱ्यावर उघड्यावर स्वयंपाक करायला गोव्यात बंदी आहे. काचेची बाटलीही नको.

ओआरएसचं पाकीट एक असू द्या, पण लेबल वाचून. एक लिटरचं पाकीट एक लिटर पाण्यातच. 'अर्धं पाकीट अर्ध्या बाटलीत' हा अंदाज चुकतो आणि मीठ जास्त होतं. खेळणाऱ्या धडधाकट मुलाला नुसतं पाणीच पुरतं, हे उलटी-जुलाबासाठी.

---

सुरंगी

आभारी आहे. वाळूचं मात्र राहिलं. बेबी पावडर लावली की वाळू झडते असं ऐकलं, खरं का?

---

माड_आणि_चुडत

खरं. वाळूच्या कणाला पाण्याची पातळ पडदी धरून ठेवते, पावडर ते पाणी शोषते आणि कण सुटतो. टाल्कम घेऊन जा.

---

भांगाची_भरती

टाल्कम नको. किनाऱ्यावर वारा असतो, बारीक धूळ मुलांच्या नाकातोंडात जाते. कॉर्नफ्लोअर घ्या, स्वयंपाकघरातलंच. जुन्या सुती मोज्यात चार चमचे भरून गाठ मारा आणि पायावर टपटप आपटा, धूळ जवळजवळ उडत नाही.

पण क्रम महत्त्वाचा. आधी पाणी ओतलं की गाडीपर्यंत चालताना पुन्हा तेवढीच वाळू लागते. म्हणून:

मुलांना सावलीत दहा मिनिटं कोरडी होऊ द्या. कोरडी वाळू हाताने झाडा, मग मोजा फिरवा. ओले कपडे काढून कोरडे चढवा. ओले एका घट्ट गाठ मारता येईल अशा प्लास्टिकच्या पिशवीत. खेळणी जाळीच्या पिशवीत, म्हणजे कांद्याच्या पिशवीत, तिला दोन हिसडे दिले की वाळू खाली. धुण्याचं पाणी अगदी शेवटी, गाडीच्या दारात मुलाला सीटवर आडवं बसवून पाय बाहेर ठेवून. धुतलेला पाय पुन्हा जमिनीला लागता कामा नये.

सीटवर आधीच जुनी चादर टाका. उन्हात उभ्या गाडीतल्या सीटबेल्टचं धातूचं टोक बसवण्यापूर्वी बोटाने तपासा, तापलेलं असतं.

---

तिसऱ्यो

दोन गोष्टी कुणी काढल्या नाहीत.

खोबरेल तेलाची छोटी बाटली. किनाऱ्यावर कधीकधी डांबराचे काळे गोळे येतात, जास्त करून पावसाळ्याच्या तोंडावर, पण एखादा केव्हाही पायाला चिकटतो. साबणाने निघत नाही. तेल चोळा, दोन मिनिटं थांबा, कापसाने पुसा आणि मग साबण. रॉकेल-पेट्रोल मुलाच्या कातडीला लावू नका.

दुसरं, हवा भरलेलं टायर किंवा बाहुलं समुद्रात नेऊ नका. सकाळी समुद्र सपाट दिसतो तो मतलई वाऱ्यामुळे, म्हणजे वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. मोठ्यांचा हात सुटला की टायर मुलासकट बाहेर सरकतो. लाटा नसणं म्हणजे धोका नसणं नव्हे. पाण्यात मूल असताना मोठं माणूस एका हाताच्या अंतरावर, आणि फोन पिशवीत.

---

भांगाची_भरती

बरोबर. लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधल्या पाण्यातच जायचं, नुसता लाल असेल तर अजिबात नाही. पोहोचल्याबरोबर जीवरक्षकाचा मनोरा कुठे आहे ते थोरल्याला दाखवून ठेवा, 'हरवलास तर तिकडे जा' म्हणून. २००८ पासून ही सेवा 'दृष्टी मरीन'कडे आहे. मुलाच्या मनगटावर फोन नंबर लिहायचा असेल तर पेनने लिहून वर पारदर्शक वॉटरप्रूफ पट्टी चिकटवा, नुसतं लिहिलेलं सनस्क्रीनने पुसतं.

जेलीफिश लागला तर पाण्याबाहेर आणा आणि समुद्राचंच पाणी ओता. गोडं पाणी नको आणि चोळणंही नको, दोन्हींनी उरलेल्या डंखपेशी फुटतात. चिकटलेले तंतू चिमट्याने हलकेच उचला, खरवडू नका. मग सोसवेल इतक्या गरम पाण्यात २० मिनिटं, आधी आपल्या मनगटावर तपासून. दुधासाठी थर्मास नेणारच आहात, त्यातलं गरम पाणी समुद्राच्या पाण्यात थोडं मिसळून चालतं. तोवर जीवरक्षकाला बोलवा. श्वास अडखळला, ओठ सुजले किंवा उलट्या झाल्या तर १०८.

खड्डे खणताना मुलाच्या गुडघ्याच्या वर जाऊ देऊ नका, वाळू बाजूने एकदम ढासळते. आणि निघताना खड्डा बुजवा.

---

सुरंगी

थोरल्याला खड्डे खणण्यापलीकडे दुसरं काही लागतच नाही, तेव्हा हे आधीच सांगून ठेवते. फावडं लोखंडाचं की प्लास्टिकचं?

---

माड_आणि_चुडत

प्लास्टिकचं, पण एकच. दोन मुलांना दोन नेली की दोन्ही एकमेकांच्या डोळ्यांत वाळू उडवायला. डोळ्यात गेलीच तर चोळू देऊ नका. डोकं त्या बाजूला कलतं करून नाकाकडच्या कोपऱ्यातून बाहेरच्या कोपऱ्याकडे पिण्याच्या पाण्याची बारीक धार सोडा. ती भोकांची बाटली इथेही कामाची, पण तिच्यात पिण्याचं पाणी भरून ठेवलेलं हवं.