डेकला पुन्हा स्टेन कधी लावायचा? (घरच्या ग्रुपवरची चर्चा)

*दादा (डेन्व्हर):* सगळ्यांना एक विचारायचंय. मागच्या दारचा लाकडी डेक (घराला लागून असलेला फळ्यांचा उघडा ओटा) दक्षिणेच्या बाजूने पार राखाडी पडलाय. स्टेन (लाकडात मुरणारा संरक्षक रंग) लावून दोनच उन्हाळे झाले. डब्यावर चार वर्षं लिहिलंय, दुकानदार म्हणतो दरवर्षी लावा. कोणाचं ऐकायचं? ताई, तुम्ही कॅल्गरीत काय करता?

*ताई (कॅल्गरी):* डबा परत वाच. कुंपणासाठी वेगळा आणि डेकसाठी वेगळा आकडा दिलाय का बघ. उभ्या लाकडावरून पाणी ओघळून जातं. आडव्या फळीवर ऊन सरळ पडतं, बर्फ साचून राहतो, वर आपली पावलं. दोघांचं आयुष्य सारखं कसं असेल?

*दादा:* हो, आहेत दोन आकडे. चार वर्षं कुंपणाची आहेत.

*जिजाजी:* तुझ्याकडे खरा शत्रू ऊन आहे. डेन्व्हर 1600 मीटरवर आहे. दर हजार मीटरला अतिनील किरण साधारण 10 टक्क्यांनी वाढतात, शिवाय हिवाळ्यात बर्फावरून परावर्तन होतं ते वेगळंच. लाकडाचे तंतू धरून ठेवणारं लिग्निन या किरणांनी तुटतं, पाऊस ते धुऊन नेतो आणि वर नुसते सुटे राखाडी तंतू उरतात. त्या तंतूंवर स्टेन लावलास तर तो लाकडाला चिकटतच नाही, सुट्या तंतूंसकट निघून जातो.
आमच्याकडे कॅल्गरीत वेगळा त्रास. जानेवारीत चिनूक नावाचा उबदार वारा सुटला की उणे 20 वरून पारा शून्याच्या वर जातो, दोन दिवसांनी परत खाली. भेगेत शिरलेलं पाणी गोठतं, फुगतं, वितळतं, परत गोठतं. त्यामुळे आमच्या फळ्या रंग उडण्याआधी चिरतात.

*वहिनी:* मुलं अनवाणी पळतात तिथे. पायात कुसळं जायला लागली आहेत, म्हणून मी यांच्या मागे लागलेय.

*दादा:* मग वर्षं किती धरू?

*जिजाजी:* कोणता स्टेन आहे त्यावर. बिनरंगी असेल तर तुझ्या उन्हात एका वर्षाच्या वर धरू नकोस, ऊन अडवणारं त्यात फारसं काही नसतं. अर्धपारदर्शक, ज्यात थोडा रंग असून लाकडाच्या रेषा दिसतात, तो एरवी दोन-तीन वर्षं जातो. उन्हाच्या बाजूला दीड-दोनच धर. अपारदर्शक आणखी टिकतो, पण डेकवर मी तो लावणार नाही. त्याचा थर बसतो, खालून ओल आली की पापुद्रे सुटतात आणि मग सगळं खरवडत बसावं लागतं.
आणि घाईनेही लावू नकोस. जुना अजून पाणी अडवत असताना वर दुसरा चढवला तर तो मुरत नाही. वर चिकट, चकाकता पापुद्रा होतो. दरवर्षी लावा म्हणणाऱ्याचं मला पटत नाही ते यासाठी.

*ताई:* आम्ही वर्षं मोजत नाही. वसंतात बर्फ गेला की डेक झाडते आणि चार ठिकाणी पाण्याचे थेंब टाकते. थेंब उभा राहिला तर हात लावायचा नाही. काही मिनिटांत मुरून लाकूड काळवंडलं तर वेळ झाली. कुंडीखाली किंवा छपराच्या सावलीत बघू नकोस, पायऱ्यांवर आणि दारासमोरच्या वाटेवर बघ.

*मोठे काका (रत्नागिरी):* मी डेक पाहिलेला नाही, पण चार महिने पाऊस झेलणारं लाकूड जन्मभर पाहिलंय. आपल्या पडवीच्या खांबांना नि वाशांना वैशाखात काजूच्या टरफलाचं तेल लागायचं. बाबा आधी टोकं नि सांधे भिजवायचे, मग मधलं. पाणी शिरतं ते कापलेल्या टोकातून. ऊन वरचा रंग खातं, ओल आतून कुजवते. फळीची टोकं आणि घराला टेकलेला तुळईचा भाग पेचकसाने टोचून बघ. पेचकस सहज आत गेला तर रंगाचं सोड, आधी सुतार बोलव.

*दादा:* काका, ते तेल इथे चालेल?

*काका:* नको रे. अंगाला लागलं तर फोड येतात, आणि पोरं अनवाणी. ते वाशांनाच बरं.

*मी:* प्रेशर वॉशरने धुऊन घेतलं तर?

*जिजाजी:* मोठ्या दाबाने नको. मऊ तंतू उखडतात आणि वहिनींची कुसळं वाढतील. सोडियम परकार्बोनेटचा क्लीनर, ब्रश आणि बागेची नळी पुरे. मग ऑक्झॅलिक आम्लाचा ब्राइटनर, त्याने राखाडी आणि खिळ्यांभोवतीचे काळे डाग जातात. हातमोजे घाल. दोन-तीन दिवस सुकू दे. लावायचा तो 10 ते 30 अंशांत, फळी उन्हात तापलेली नसताना. न मुरलेला स्टेन पंधरा-वीस मिनिटांत पुसून घे.
हो, घर कधीचं? 2004 च्या आधीचं हिरवट प्रक्रिया केलेलं लाकूड असेल तर त्यात आर्सेनिक असतं. ते कोरडं घासू नकोस, तुकडे जाळू तर मुळीच नकोस.

*वहिनी:* घर जुनं आहे, पण डेक आधीच्या मालकाने 2015 ला नवा केला. कागद आहेत.

*ताई:* एक राहिलं, आणि हे खरंच लक्षात ठेवा. तेलाच्या स्टेनने भिजलेल्या चिंध्या गोळा करून गॅरेजमध्ये टाकू नका. सुकताना त्या आपोआप तापतात आणि पेट घेतात. बाहेर एकेक पसरून पूर्ण वाळवा, नाहीतर झाकण असलेल्या पत्र्याच्या डब्यात पाणी भरून त्यात बुडवा.

*दादा:* आत्ताच थेंब टाकून आलो. पायऱ्या आणि दक्षिणेच्या फळ्यांवर लगेच मुरले. स्वयंपाकघराच्या भिंतीलगत आणि कठड्यावर अजून उभे आहेत. टोकं टोचून पाहिली, घट्ट आहेत.

*काका:* मग तेवढ्याच फळ्या कर. कठड्याला यंदा हात लावू नकोस.

*दादा:* सप्टेंबरमधले दोन कोरडे शनिवार-रविवार धरतो. एकात धुणं, दुसऱ्यात स्टेन. ताई, तुमच्या स्टेनच्या डब्याचा फोटो टाक.

*ताई:* टाकते. रंग मात्र आमच्यापेक्षा एक छटा गडद घे. रंग जास्त तेवढं ऊन जास्त अडतं.